कुमारी कटकटची बातमी

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा नियम पाळून कागदावर लिहितो आहे. फोनवर मी बोलत नाही, कार्यक्रम करतो आणि समोरच्याला जाहिरातीपुरतीसुद्धा जागा सोडत नाही, असं तू मागे म्हणालीस. तेव्हापासून फोनला हात लावला की तुझा चेहरा दिसतो. कागदावर निदान उत्तर येईपर्यंत मला थांबावं लागतं, असा तुझा हिशेब. मेट्रन निवृत्त झाली, पण पेशंटला शिस्त लावायची खोड काही निवृत्त झाली नाही.

बातमी अशी की ‘बसा, बोलू’ बंद होतंय. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी शेवटचा भाग, आणि तोही थेट प्रक्षेपण. कारण विचारलं तर वाहिनीचे साहेब म्हणाले की प्रेक्षक आता तरुण झाला आहे. मी म्हटलं, माझा प्रेक्षक इतकी वर्षं माझ्या बरोबरीनं म्हातारा होत आला, तो एकाएकी तरुण कसा झाला, त्याचं औषध मलाही सांगा. साहेब खूप हसले. हल्ली लोक माझ्या बोलण्याला हसतात, पण मी बोललेलं काही ऐकत नाहीत. माझ्या जागी एक मुलगा येणार आहे. दात सुरेख आहेत. बोलताना हात असे करतो, जणू दोरीवरचे कपडे गोळा करतोय. मेकअपवाली बाई मला म्हणाली की सर, तुम्ही बसल्या जागी बोलायचात ते फार बरं होतं, घाम येत नसे. आधी रेडिओ, मग टीव्ही, एवढ्या कारकिर्दीचं इतकं प्रामाणिक परीक्षण आजवर कुणी केलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमची निर्माती वयानं आपल्या लेकीएवढी आणि तोऱ्यानं तुझ्याएवढी आहे. तिच्या डोक्यात असं आलंय की शेवटच्या भागात खरीखुरी कुमारी कटकट मंचावर यावी. रेडिओवर मी लेकीच्या गोष्टी सांगायचो तेव्हापासून लोक विचारतायत की तुमची कटकट आता दिसते कशी. पुढे टीव्हीवर दोन वेण्यांची पोरगी आणून आम्ही तिचे प्रवेश केले, तेही लोकांना पाठ आहेत. मला कल्पना आवडली. खोटं कशाला बोलू, फारच आवडली. पण लेकीला फोन लावला की हो, बघू आणि पेशंट खुर्चीत आहे, या तीन उत्तरांत फोन संपतो. दातांच्या डॉक्टरकडे माणसांची रांग लागलेली असते हे कबूल, पण रविवारी संध्याकाळी कुणाची अक्कलदाढ निघते? जावईबापूंना विचारलं, तर तो गृहस्थ इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं लाइन गेली.

तू सांगितलंस तर ती ऐकेल. तुझं कोण ऐकत नाही?

बाकी सर्व ठीक. लोभ आजवर चालू आहे, कार्यक्रमाबरोबर तोही बंद करू नये.

तुझा,
भोंगा


१२ ऑगस्ट

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वाईट वाटलं. टोमणा मारायच्या आधी हे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून म्हणायला नको की ताईला काही वाटत नाही. निवृत्तीची सवय होते. मी पहिल्या दिवशी पहाटे उठून घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे बदलले, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या घरी जाऊन तिचे बदलले. तिसऱ्या दिवशी तिनं दार उघडलं नाही. मग आपोआप बरं वाटलं.

लेकीचं म्हणशील, तर मी तिला काहीही सांगणार नाही. रविवारी संध्याकाळी अक्कलदाढ कुणाची निघते असं विचारतोस. बापाची अजून निघायची आहे, तिचीच वाट बघत बसत असेल बिचारी.

तुझं नाव भोंगा उगाच पडलेलं नाही. वडील घरात नाहीत म्हणून सांग, असं शिकवून आई तुला दारात पाठवायची, आणि तू पाहुण्यांना सांगायचास की वडील घरात नाहीत हे सांगायला मला आईनं पाठवलंय. पाहुणे हसायचे, तुला उचलून घ्यायचे. तिथेच तुझं नशीब ठरलं. पण आत बसलेल्या वडलांचं काय व्हायचं, ते बघायला तू कधी मागे वळला नाहीस.

एक काम कर. गेल्या दोन वर्षांत तू लेकीला काय काय विचारलंस ते आठवून लिही. सांगितलंस ते नको, त्याला वही पुरायची नाही. फक्त विचारलंस ते.

रक्तदाब किती आहे ते आकड्यात कळव. “ठीक” हा आकडा नाही. शिव्या आणि माया आहे तितकीच आहे, दोन्ही घ्याव्यात.

तुझी,
ताई


१९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचायला आधी मेट्रनचा चष्मा लाव आणि मग आत्याचा.

चौथा महिना पार पडला. परवाच्या सोनोग्राफीत सगळं जागच्या जागी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता घाबरायचं कारण नाही. मी मान डोलावली आणि घाबरतच घरी आले. दवाखान्यातल्या लवंगेच्या तेलाच्या वासानं ढवळून येतं. दातांच्या डॉक्टरला लवंगेचा वास सोसू नये म्हणजे न्हाव्याला केसांची शिसारी येण्यापैकी आहे. घरचे गृहस्थ आनंदात आहेत असा माझा अंदाज आहे. बाळांच्या संगोपनाचं एक जाडजूड पुस्तक आणून ते पेन्सिलीनं खुणा करत वाचतात, आणि विचारलं तर हूं म्हणतात. पण हल्ली तो हूं जरा लांब असतो.

बाबांना हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मागच्या खेपेचं तुला ठाऊक आहे. मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा तिसराही महिना लागला नव्हता. रविवारी त्यांनी टीव्हीवर जाहीर केलं की कुमारी कटकट आई होणार आणि मी आजोबा. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. आणि मग दोन आठवड्यांत सगळं संपलं. ते मात्र त्यांनी टीव्हीवर सांगितलं नाही. कसं सांगणार? म्हणून लोक पाठवत राहिले. लोकरीचे मोजे, टोपरी, झबली. वाहिनीकडे, माझ्या दवाखान्यात, महिनोन्महिने. एक बाई खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, आणि तसंच बोबडं विचारतेय की मुलगा झाला की मुलगी. माझ्या हातात ड्रिल चालू होतं. मी म्हटलं, तोंड मोठं उघडा.

मला बाबांचा राग येत नाही, हीच तर पंचाईत आहे. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. ते पहाटेच रेडिओवर जायचे आणि मी उठायच्या आधी घरातला रेडिओ लावून ठेवायचे. ‘चहाच्या आधी’ सुरू झालं की ते म्हणायचे, आज ज्यांची गणिताची परीक्षा आहे त्यांनी दोन पेन्सिली घ्या, आणि दूध अर्धं टाकून पळू नका. मी दूध संपवायचे. शाळेत जावं तर वर्गात सगळ्यांकडे दोन-दोन पेन्सिली. ते माझ्यासाठी होतं हे फक्त मला माहीत असायचं. पुढे एक दिवस त्यांनी माझं काहीतरी सांगितलं, लोक हसले, आणि मला नाव पडलं. तिथून पुढे ते सगळ्यांसाठी झालं. मी पंधरा वर्षांची, दातांना तार लावलेली, आणि टीव्हीवर दोन वेण्यांची दुसरीच मुलगी माझी भांडणं माझ्या बापाशी भांडायची.

निर्मातीचा फोन आला होता. मी येणार नाही म्हटलं. बाबांना वाटेल मी रुसले. वाटू दे.

तब्येत सांभाळ. माया आहे ती अशीच गुपचूप राहू दे.

तुझी,
भाची


२७ ऑगस्ट

चि. सौ. बाईसाहेबांस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं, एकदा एका चष्म्यानं, एकदा दुसऱ्यानं. मग दोन्ही काढून ठेवले, कारण काचा पुसाव्या लागल्या.

आधी मेट्रन. खुर्चीशी उभं राहून काम करायचं नाही, स्टूल घे. नाकाला लिंबाची साल लाव. घाबरायचं असेल तेवढं घाबर, पण खाऊन मग घाबर. गृहस्थांचे हूं मोजत बसू नकोस; बोलणाऱ्या माणसाच्या घरातून तू न बोलणाऱ्याकडे गेलीस ते डोळे उघडे ठेवूनच.

आता आत्या. मी भोंग्याला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. त्याची बाजूही घेत नाही, त्याची बाजू घ्यायला तो एकटा पुष्कळ आहे. फक्त एक पाहिलेलं सांगते. गेल्या थंडीत मी त्याच्याकडे राहिले होते, तेव्हा जास्तीचं पांघरूण हवं म्हणून त्याच्या खोलीतलं कपाट उघडलं. पांघरूण नव्हतं. वरपासून खालपर्यंत वाहिनीची खोकी होती. त्यांत ते मोजे, टोपरी, सगळं. नीट घड्या घालून, पाठवणाऱ्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्यात. ज्याला स्वतःच्या रुमालाची घडी कधी जमली नाही, त्यानं. मी विचारलं, हे काय? आमचा भोंगा, जो पंख्याला तेल घालण्यावरसुद्धा अर्धा तास बोलतो, त्यानं कपाट लावलं आणि चहा करायला गेला. चहात साखर घालायची राहिली. मी तसाच प्यायले आणि पुन्हा विचारलं नाही.

म्हणजे त्याला गप्प बसता येतं. कुणी त्याला ते करायला सांगितलेलं नाही, एवढंच.

तू सांगितलं नाहीस तरी मी तुझ्याकडूनच. पण सांगणार असशील तर त्या शेवटच्या कार्यक्रमाच्या आधी सांग. नंतर सांगितलंस, तर त्याला बोलायला जागाच उरलेली नसेल, मग गप्प राहण्यात त्यानं काय कमावलं? जोखीम आहे, जाणते. तोंड मोठं उघडा असं तूच लोकांना सांगतेस ना, तेव्हा तेही घाबरलेलेच असतात.

आशीर्वाद पुरवून पुरवून वापर, दोघांना पुरायचे आहेत.

तुझी,
आत्या


९ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मला जानेवारीत बाळ होणार आहे. मी बरी आहे, बाळही बरं आहे.

कार्यक्रमाला मी येणार नाही. रागानं नाही. मला मंचावर यायचं नाही, इतकंच.

ही गोष्ट कुणाला सांगायची आणि कधी, ते या वेळी मी ठरवणार आहे. आज मी तुम्हाला सांगते आहे. याच्या पुढे बरंच लिहून खोडलं. पत्र पुन्हा उतरवून काढलंय, म्हणून स्वच्छ दिसतं आहे.

औषधं वेळेवर घेत जा.

तुमची,
मुलगी


१६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विशेष काही नाही.

हवा बरी आहे. सकाळी ढग येतात, दुपारी जातात. नव्या चपला घेतल्या, डावी जरा चावते. पंख्याला तेल घातलं. रक्तदाब एकशे चाळीस, खालचा नव्वद. तू आकड्यात मागितला होतास.

कार्यक्रमाला लेकीला आणायचा विचार सोडून दिला. कारण असं काही नाही. तिला पेशंट असतात. निर्माती नाराज झाली, म्हणाली की मग वेण्यांच्या मुलीला आणू. आणा म्हटलं. ती आता बँकेत आहे म्हणे.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, की मी लेकीला काय काय विचारलं. आठवून पाहिलं. पुढच्या पत्रात लिहितो.

एक विचारायचं होतं, सहजच. लोकरीचे लहान कपडे असतील, अगदी लहान, तर त्यांना कसर लागू नये म्हणून काय ठेवतात? शेजाऱ्यांना हवं आहे.

लोभ ठेवावा. त्याला कसर लागत नाही असं ऐकून आहे.

तुझा,
भोंगा


२ ऑक्टोबर

चि. सौ. बाईसाहेबांस,
अ. उ. आ.

तू त्याला सांगितलंस हे तू मला कळवायच्या आधी त्यानं न सांगून कळवलं. जन्मात पहिल्यांदा भोंग्याचं विशेष काही नाही असं पत्र आलं. पानभर हवा, चपला आणि पंखा, आणि शेवटी लोकरीच्या लहान कपड्यांना कसर लागू नये म्हणून काय करावं, ते शेजाऱ्यांसाठी विचारलंय. त्याच्या शेजारी बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेला एक म्हातारा राहतो. एकटा. लहान असं त्या घरात काही असेल तर त्याचं कुत्रं. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही, म्हणून मीही अगदी गंभीरपणे कळवलं की शेजाऱ्यांना सांग, लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवा.

रविवारचा कार्यक्रम तू पाहिलास का, ते माहीत नाही. पाहवला नसेल तर म्हणून लिहिते.

सगळं रीतसर चाललं होतं. हार, टाळ्या, जुन्या चित्रफिती. मग ती वेण्यांची मुलगी आली, आता वेण्या नाहीत. तिनं शिकवल्याप्रमाणे विचारलं की खरी कुमारी कटकट आज कुठे आहे, काय नवीनजुनं आहे तिच्याकडे. लोक पुढे सरसावून बसले. तुझ्या बापानं तोंड उघडलं. माझ्या हातातली कपबशी थांबली. आणि त्यानं तोंड मिटलं.

तो बोलेना. मुलगी हसून थांबली, हसू संपलं तरी तो बोलेना. मला वाटलं टीव्ही बिघडला. उठून मागची वायर हलवली. शेजारीणबाई भिंतीवर थाप मारून विचारतेय की तुमच्याकडेही आवाज गेला का. वळून बघते तर हा तसाच बसलेला, कॅमेऱ्याकडे बघत, दातावर दात. जबडा तू पाहिला असशील, तुझ्या कामाचा आहे. घशाशी आलेली बातमी माणूस कशी धरून ठेवतो, ते मी इतकी वर्षं रुग्णालयात नातेवाइकांत पाहिलं, पण टीव्हीवर कधी नाही.

शेवटी म्हणाला, ती बरी आहे. इतकंच. आणि मुलीला बँकेचं कसं चाललंय ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की ज्येष्ठ निवेदक निरोपाच्या क्षणी भावनावश. लिहू देत. आपल्या दोघींना काय झालं ते माहीत आहे. तिघांना म्हण, तुझ्या गृहस्थांनी नुसतं हूं केलं असेल.

स्टूल घेतलंस का ते कळव. माया आहे, मोजू नये.

तुझी,
आत्या


८ नोव्हेंबर

चि. सौ. लेकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तपासणीची पुढची तारीख कळवलीस, ती कॅलेंडरवर लिहिलेली नाही. लक्षात ठेवली आहे.

त्या रविवारबद्दल तू काही विचारलं नाहीस, म्हणून थोडंच सांगतो. माझ्या कानातल्या बटणात निर्माती बोला, बोला, देवासाठी बोला म्हणून ओरडत होती. आमच्या धंद्यात बाकी सगळं माफ असतं, शांतता नाही. नवशिक्याला पहिल्या दिवशी तेच शिकवतात. पण तेवढ्या वेळात मला कळलं की स्टुडिओला स्वतःचा एक आवाज असतो. गार हवेच्या यंत्राचा, आणि दिवे तापल्यावर बारीक तडतड. इतकी वर्षं मी त्याच्यावर बोलत होतो.

जुन्या रेडिओवाल्यांनी बोलावलंय. रोज सकाळी अर्धा तास. तीच खोली, भिंतींना नवा स्पंज लावलाय, खुर्ची मात्र जुनी, डावीकडे कलणारी. मेकअप नाही, टाळ्या नाहीत. कुणाच्याही घरच्या गोष्टी सांगणार नाही असं आधीच कळवलं. ते म्हणाले, मग बोलाल काय? म्हटलं, हवामान.

ऐकलं पाहिजेस असं नाही.

आता विचारतो. सकाळी तुला झोप लागते का? दवाखान्यातून किती वाजता येतेस? जिना चढताना दम लागतो का? कशाची भीती वाटते? उत्तराची घाई नाही. मी थांबतो.

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त या वेळी आवाज कमी ठेवून.

तुझा,
बाबा


५ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

एकेक उत्तर देते. झोप तुटक लागते. दवाखाना दुपारीच बंद करते, आत्यानं तिकडूनच कुलूप लावलंय. जिन्यात दम लागतो, मधल्या वळणावर उभी राहते. भीती सगळ्याचीच वाटते, पण रोज जरा वेगळ्या गोष्टीची वाटते, त्यामुळे कंटाळा येत नाही.

घरचे गृहस्थ लवकर कामाला जातात. जाताना ते रेडिओ लावून जातात. मी सांगितलेलं नाही. त्यांनीच पुस्तकात कुठेतरी खूण केली असावी.

गुरुवारी ऐकलं. हवामान सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात की आज ज्यांना तपासणीला जायचं आहे त्यांनी पाण्याची बाटली घ्या, आणि जिना असेल तर घाई न करता वळणावर थांबा. मी इस्पितळात पोचले. बाकावर ओळीनं माणसं बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर पाण्याची बाटली. गुडघ्याच्या तक्रारीचे एक आजोबा तर दोन घेऊन आले होते. माझी घरीच विसरली होती. शेजारच्या बाईनं तिची पुढे केली आणि म्हणाली की या रेडिओवाल्यांना आपलं सगळं कसं कळतं कोण जाणे. मी पाणी प्यायले. तिला काही सांगितलं नाही. फार मजा आली, बाबा, न सांगायला.

सगळं नीट आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कदाचित आठवडाभर आधीच. थंडी वाढते आहे.

तुमच्या शेजाऱ्यांना आत्यानं लवंगांचा उपाय सांगितला होता, तो त्यांनी केला असेल. आता मला त्या वासानं ढवळत नाही. खोकी तुमच्या कपाटात आहेत हे मला ठाऊक आहे.

पाठवू नका. घेऊन या.

लोभ असेल तेवढा घेऊन निघावं, आणि पाण्याची बाटली.

तुमची,
कटकट